उताराला आडवं

शंभर टक्के चढ म्हणजे भिंत, असं वर्गात दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. त्यात त्या मुलाचा फार दोष नाही. शंभर टक्के गुणांच्या पुढे काही नसतं, शंभर टक्के हजेरीच्या पुढे काही नसतं, मग शंभर टक्के चढाच्या पुढे तरी काय असणार? प्रत्यक्षात शंभर टक्के म्हणजे फक्त ४५ अंश. जेवढं पुढे गेलात तेवढंच वर. ६० अंशांना १७३ टक्के होतात, ८० अंशांना ५६७ आणि ८९ अंशांना ५,७२९. राहिलेल्या एका अंशात आकडा असा काही उधळतो की नव्वदीला तो हातीच लागत नाही. वाय अक्षाचा चढ ठरवता येत नाही, हे दहावीच्या भूमितीतलं विधान एवढंच सांगतं. मुलं ते पाठ करतात, मी बरोबरची खूण करते, विषय मिटतो.

माझ्यापुरता तो मिटू दिला नाही तो माझ्या भाच्यानं. अंबाजोगाईचं हे पोरगं नववीची परीक्षा देऊन मे महिन्यात माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरला आलं ते मोबाइलला चिकटूनच. बाहेर ४२ अंश, खिडकीत कूलर घरघरतोय आणि हा पठ्ठ्या बघतोय काय, तर बर्फ. बर्फावरून सुसाट सुटलेली माणसं, कड्यावरून उडी टाकून पंखांच्या कपड्यात दरीतून जाणारी माणसं, लाकडी रॅम्पवर स्केटबोर्ड घेऊन भिडणारी पोरं. या वयात मला हे वेड लागलं नव्हतं, कारण आमच्याकडे तेव्हा दूरदर्शन होतं आणि त्यावर 'आमची माती आमची माणसं'.

फ्रान्समधल्या वार्स या गावी स्पीड स्कीइंगसाठी नावाजलेला एक उतार आहे. मार्च २०२३ मध्ये सिमोन बिली या फ्रेंच स्कीपटूने तिथे ताशी २५५.५ किलोमीटरचा वेग गाठला. इंजिन नाही, पेडल नाही. पायांत दोन लांब पट्ट्या, अंगाला चिकटलेला गुळगुळीत सूट, डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट, बस. विमानातून उडी मारून पोटावर आडवा पडलेला स्कायडायव्हर ताशी २०० च्या आसपास स्थिरावतो, कारण हवा त्याला खालून अडवत असते. म्हणजे आकाशातून थेट खाली पडणाऱ्या माणसापेक्षा डोंगरावरून घसरणारा हा माणूस जास्त वेगात होता! हवेला कमीत कमी अंग द्यायचं, एवढीच त्याची करामत. आणि त्या उताराचा सगळ्यात तीव्र भाग किती? ९८ टक्के.

"म्हणजे भिंतीला दोनच टक्के कमी ना, मावशी?"

मी कंपासपेटीतला गुण्या काढून टेबलावर उभा केला. ४५ अंशांच्या बाजूवर बोट फिरवलं. "हा शंभर टक्के. ते गाव याच्यापेक्षा जरासं कमीच."

"एवढाच?" त्याचा चेहरा पडला. मग थोड्या वेळाने दुसरा व्हिडिओ माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "मग हे बघ. हा पण तसल्याच डोंगरावरनं उतरायलाय, पण आरामात. इकडनं तिकडं, वाकडातिकडा. डोंगर तर तेवढाच उभा आहे की."

गुण्या हातातच राहिला. इतकी वर्षं हा विषय शिकवताना कुणी हे विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारणार तरी कसं? पुस्तकात रेषा दिलेली असते. तिच्यावरचे दोन बिंदू घ्यायचे, वायमधली वजाबाकी भागिले एक्समधली वजाबाकी. कुठलेही दोन बिंदू घ्या, उत्तर एकच. डोंगर ही मात्र रेषा नव्हे. डोंगरावर एका जागी उभं राहिलात तर समोर जितक्या दिशा तितके चढ. नाकासमोर खाली निघालात तर ९८ टक्के, तिरके निघालात तर ५०, आणखी तिरके झालात तर २०, आणि अगदी आडवे निघालात तर शून्य. चढ डोंगराचा म्हणून आपण सांगतो, पण तो असतो आपण धरलेल्या वाटेचा. स्पीड स्कीइंगवाला सरळ वाट धरतो. दुसरा आडवीतिडवी धरतो. डोंगर दोघांना सारखाच.

सोडून दिलेला चेंडू ज्या दिशेने घरंगळत जाईल तिला स्कीवाले फॉल लाइन म्हणतात. त्यांच्याकडे ब्रेक नसतो. थांबायचं झालं की ते दोन्ही पट्ट्या त्या दिशेला आडव्या करतात आणि कडा बर्फात रुतवतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण हे तर आमचे दाजी करतात. भाच्याचे वडील. त्यांनी बर्फ पाहिलाय तो रसवंतीतला.

दाजींचं शेत बालाघाटच्या उतरणीवर आहे. वरची जमीन मुरमाड, खालच्या अंगाला काळी. पेरणी उताराला आडवी करायची हे त्यांच्याकडे पूर्वीपासून आहे. पण चर कुठून काढायचा, बांध कुठे घालायचा, हे नजरेच्या अंदाजावर चालायचं. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात, पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते आणि त्यांत अंबाजोगाई होता. त्या धामधुमीत गावागावात एक साधन पोचलं, त्याचं नाव हायड्रोमार्कर.

नाव भारदस्त आहे, वस्तू साधी. दोन सारख्या उंचीच्या काठ्या, दोन्हींवर सेंटिमीटरच्या खुणा, आणि दोन्हींना दोन टोकांनी बांधलेली एक लांब पारदर्शक नळी. नळीत पाणी भरायचं. भरताना बुडबुडा राहिला तर सगळं गणित फसतं, म्हणून नळी ताणून, टिचक्या मारून आधी हवा काढायची. मग एक गडी एक काठी घेऊन जागेवर उभा, दुसरा दुसरी काठी घेऊन पुढे चालत जाणार. चालताना पाणी सांडू नये म्हणून दोघांचे अंगठे नळीच्या तोंडावर. दुसरा थांबला की अंगठे उचलायचे. नळीतलं पाणी थोडा वेळ खालीवर होतं आणि दोन्हीकडे एका पातळीला येऊन थांबतं. दोन्ही काठ्यांवरचे आकडे वाचायचे. त्यांची वजाबाकी म्हणजे उंचीतला फरक, आणि दोन काठ्यांमधलं अंतर तर माहीतच असतं. काठ्या १० मीटरवर आणि फरक ५० सेंटिमीटर आला की चढ ५ टक्के. मी फळ्यावर जे सूत्र लिहिते ते इथे दोन माणसं काठ्या धरून चालत असतात.

खरी गंमत त्याच्या पुढची. चर काढायला ते ५ टक्के शोधत नाहीत, शून्य शोधतात. दुसरा गडी काठी घेऊन वर सरकतो, खाली सरकतो, आणि दोन्ही आकडे सारखे येतील त्या जागी पायाने खूण करतो. तिथून पुढची जागा, तिथून पुढची. मागून कुणीतरी खुणेखुणेवर फक्की टाकत येतं. संध्याकाळी पाहिलं तर माळावर पांढरी रेघ नागमोडी गेलेली दिसते. कुठे ती वर वळते, कुठे खाली, पण तिच्यावरून चालणारा माणूस ना चढतो ना उतरतो. इतक्या तीव्र उतरणीवर शून्य चढाची वाट लपलेली असते आणि ती पाण्याने भरलेल्या नळीला सापडते, हे मला आजही नवलाचं वाटतं. त्या रेघेवर समतल चर खोदला की वरून येणारं पाणी त्यात थबकतं. पळतं पाणी चालतं करा, चालतं पाणी थांबतं करा, असं गावोगाव म्हणतात ते हेच.

भाचा हे लहानपणापासून बघत आला होता. तरी त्या दिवशी मी कागदावर डोंगर काढून त्यावर स्कीवाल्याची वाट आणि चराची रेघ एकाखाली एक काढली तेव्हा तो ओरडला, "म्हणजे पप्पा पाण्याला ब्रेक लावायलेत!" मग लगेच फोन लावून वडिलांना ते सांगितलंही. पलीकडून दाजी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण फोन लवकर ठेवला गेला.

मी हौसेपुरती सायकल चालवते. कन्नड सोडून औट्रम घाटाने चाळीसगावच्या बाजूला उतरायचं आणि परत चढून यायचं, हा आमच्याकडच्या सायकलवाल्यांचा आवडता छळ. पहाटे, गाड्यांची रांग लागायच्या आत. या घाटात वाटेचा चढ आणि डोंगराचा चढ यांतला फरक मांड्यांना कळतो. समजा डोंगराची बाजू ६० टक्क्यांची आहे आणि ३०० मीटर उंची चढायची आहे. सरळ गेलात तर आडवं अंतर ५०० मीटरच. पण ट्रक ६० टक्के चढू शकत नाही. घाटरस्त्यांचा चढ ५-६ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा असा अभियंत्यांचा दंडक आहे, म्हणून तेवढ्याच उंचीसाठी रस्ता ६ किलोमीटरचा करावा लागतो, आणि तो बसवायला डोंगराला आडवा घालून पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. घाटातली वळणं ही त्या भागाकाराची किंमत. रेल्वेचं तर आणखी अवघड: कसाऱ्याच्या घाटात ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे पावणेतीन टक्के, तरी गाडीला मागून जादा इंजिन लावतात.

वळणावर तर रस्त्याच्या दोन कडांनाही दोन चढ असतात. आतल्या कडेने अंतर कमी पडतं, उंची तेवढीच चढायची असते, म्हणून आतली बाजू जास्त खडी. दमलेला सायकलवाला वळणावर बाहेरून जातो तो यामुळे. याच मुद्द्यावर एकदा दोन देशांत जुंपली होती. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहराची बाल्डविन स्ट्रीट जगातला सर्वांत खडा रस्ता म्हणून गिनीजमध्ये होती. २०१९ मध्ये वेल्समधल्या हार्लेक गावच्या एका रस्त्याने ३७.४५ टक्क्यांच्या जोरावर तो मान हिरावला. न्यूझीलंडकरांनी हरकत घेतली: तुमचा रस्ता वळणाचा, तुम्ही आतल्या कडेने मोजलंत, मोजायला हवं मधोमध. मधोमध मोजल्यावर बाल्डविन स्ट्रीट ३४.८ भरली आणि वेल्सचा रस्ता २८.६. २०२० मध्ये मान परत गेला. रस्ता तोच, डांबर तेच. वाट दोन हात सरकवली तर विक्रम बदलला.

उभ्या कड्याची गोष्ट निराळी. कन्नडकडच्या डोंगरात उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या एका धबधब्याच्या कड्यावर इथल्या गिर्यारोहकांबरोबर मी रॅपलिंग केलं, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरले. आधी कळलं ते हे की आपला डोंगर एकसारखा उतरत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, तो कड्यासारखा उभा राहतो. वरचा भाग भोकाभोकांचा, ठिसूळ, तो झिजून उतरता होतो. म्हणून कडा, मग घसाऱ्याचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. अशा डोंगराचा सरासरी चढ काढता येतो, पण सरासरीएवढा चढ त्याच्यावर जवळपास कुठेच नसतो.

कमरेचा हार्नेस आवळला, दोर हळूहळू सोडणाऱ्या डिसेंडरमधून रोप ओवला, आणि कडेवर पाठमोरी उभी राहिले. वर उभा असलेला मुलगा एकच गोष्ट सांगत होता, "मॅडम, मागं झुका. अजून झुका." शरीर ऐकत नाही. त्याला सरळ उभं राहायचं असतं, कातळाला बिलगायचं असतं. पण कातळाला बिलगलं की तळवे खडकावर दाबले जात नाहीत, निसटतात. मागे झुकून पाय खडकाशी काटकोनात आणले की बूट धरतात. दोन लंब रेषांच्या चढांचा गुणाकार उणे एक, हे अकरावीचं सूत्र मी त्या घटकेला पोटऱ्यांनी पडताळून पाहत होते. वरचा घसारा जसजसा खडा होत गेला तसतशी पायांची रेषा आडवी होत गेली. मग उभा कडा आला. तिथे पाय पूर्ण आडवे, त्यांचा चढ शून्य, आणि कड्याचा चढ ठरवता येत नाही. शून्याला कशाने गुणलं की उणे एक येईल? कशानेच नाही. सूत्राला जोडलेली ती अट, कुठलीही रेषा अक्षाला समांतर नसावी, पुस्तकात बारीक अक्षरात असते. कड्यावर ती चांगली मोठी दिसते.

आणि तिथेच वाट निवडायची सोयही संपते. उतारावर तिरकं जाता येतं. कड्यावर तिरकं जायला पाय टेकवायलाच जागा नसते. हे यादवांना नीट ठाऊक असणार. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून साधारण २०० मीटर उंच, मुळात चढून जाता येईल असा. त्याची खालची बाजू चहूकडून तासून त्यांनी सुमारे ५० मीटरचे उभे कडे केले. लोक तटबंदी वाढवून किल्ला मजबूत करतात. इथे डोंगराचा चढच काढून टाकला. कुठूनही या, कितीही तिरके या, वाट नाही. वाट ठेवली ती एकच, खंदकावरच्या चिंचोळ्या पुलावरून आणि मग अंधारीच्या बोगद्यातून, पायरी दिसणार नाही अशी. हा किल्ला मी अनेकदा चढले आहे, शाळेच्या सहलीही नेल्या आहेत, पण त्याचा असा अर्थ दोरावर लोंबकळून आल्यावर लागला. जवळच वेरूळला नेमकं उलट: डोंगर सावकाश उतरता, म्हणून लेण्यांपुढे ऐसपैस अंगणं कोरता आली. अजिंठ्याला वाघूर नदीने कापलेला कडा, तिथे अंगणाला जागा नाही.

भाच्याला घेऊन देवगिरीवर गेले तेव्हा बारादरीपाशी धापा टाकत त्याने विचारलं, "इथनं विंगसूट घालून उडी मारली तर चांद मिनारपर्यंत जाईन का?" विंगसूटवाला एक मीटर खाली येईपर्यंत साधारण अडीच मीटर पुढे जातो. २०० गुणिले अडीच, ५०० मीटर. त्यातही सुरुवातीला सूटमध्ये हवा भरून वेग येईस्तोवर खालीच पडावं लागतं, त्यात बरीच उंची जाते, आणि शेवटी पॅराशूट उघडायलाही उंची शिल्लक हवी. शिवाय या लोकांना उडी मारण्याआधी आणखी एक तुलना करावी लागते: आपल्या उडण्याचा चढ ४० टक्के, तर खालचा डोंगर त्याहून खडा हवा. तो जास्त सौम्य निघाला तर डोंगरच वर येऊन गाठतो. "पॅराग्लायडरने जाशील," मी म्हटलं, "तो एकाला आठ-नऊ मीटर जातो." त्याला पॅराग्लायडर बावळट वाटतो. तो अंतर मोजायला मोबाइलवर नकाशा काढून बसला आणि मला तेवढंच बसायला मिळालं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा दाजींकडून मी एक जुना हायड्रोमार्कर मागून आणला होता. आमच्या शाळेच्या दारात व्हीलचेअरसाठी एक रॅम्प आहे. आठवीतल्या एका मुलीला तिच्या मैत्रिणी त्यावरून दोघी-तिघी मिळून ढकलत वर न्यायच्या, आणि शाळा सुटली की काही पोरं तोच रॅम्प स्केटबोर्डला वापरायची. दहावीच्या वर्गाला आधी नजरेने अंदाज करायला सांगितला. बहुतेकांनी ३० अंश लिहिले, काहींनी ३५. हे सगळीकडे असंच होतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की ५ अंशांचा उतार लोकांना २० अंशांच्या आसपास वाटतो आणि १० अंशांचा ३० च्या. पण न बघता हाताखालची फळी तेवढीच कलती करा म्हटलं, की हात बराच बरोबर सांगतो.

मग नळी लावली. उंची ६० सेंटिमीटर, आडवं अंतर ४ मीटर. १५ टक्के, म्हणजे साडेआठ अंश. मुलांना ते फारच कमी वाटलं. मी सांगितलं की व्हीलचेअरच्या रॅम्पचा मापदंड बाराला एक आहे, सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास; हा त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. ६० सेंटिमीटरला सव्वासात मीटर लांबी पाहिजे. दारासमोर एवढी जागा नव्हती, पुढे लगेच फाटक. यावर मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, मग घाटासारखा वळवा की. खडूने फरशीवर आराखडा काढला: भिंतीच्या कडेने ३.६ मीटर, मध्ये सपाट चौक, आणि उलट फिरून पुन्हा ३.६ मीटर.

मुख्याध्यापकांनी तो आराखडा गवंड्याला दाखवला आणि दिवाळीच्या सुट्टीत काम झालं. सुट्टीनंतर ती मुलगी एकटीच वर आली, दोन्ही हातांनी चाकं फिरवत, वळणावर थांबून. स्केटबोर्डवाले मात्र माझ्याकडे तक्रार घेऊन आले. आठ टक्क्यांवर काय मजा, मॅडम, वेग यायच्या आत चौक येतो. त्यांच्यातल्या एकाने हायड्रोमार्कर दोन तासांसाठी मागितला. कशाला, म्हटलं तर जिन्याच्या कठड्याचा चढ किती येतो ते बघायचंय, फक्त माहितीसाठी. मी नळी गुंडाळून कपाटात ठेवली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.